काटाघराच्या स्विचवर दर मिनिटाला ‘नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच’, काय करावं?

काटाघर_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात आहे. गाळप जोरात चालू आहे. उसाच्या वजनकाट्यावर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, त्यामुळे नेटवर्कला हात लावताना दहादा विचार करावा लागतो.

आमच्याकडे तीन सिस्को २९६० स्विच आहेत. एक मुख्य ऑफिसात, एक काटाघरात, एक केन यार्डात. ऑफिस ते काटाघर फायबर आहे, तिथून पुढे यार्डापर्यंतही फायबर. व्हीलॅन (त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं) तीन: १ (स्विचचे मॅनेजमेंट पत्ते आणि गेटबाहेरचा टोकन नंबरचा डिस्प्ले), २० (काट्याचे पीसी), ४० (कॅमेरे).

मध्यंतरी सुरक्षा ऑडिट झालं. त्यात ‘ट्रंकवर (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) नेटिव्ह व्हीलॅन १ ठेवू नये’ असा शेरा आला. देखभालीचा ठेका असलेल्या कंपनीचा माणूस आला, काहीतरी बदल करून गेला. तेव्हापासून काटाघराच्या स्विचवर हे सारखं येतंय:

सीडीपी-४-नेटिव्ह_व्हीलॅन_मिसमॅच: नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच डिस्कव्हर्ड ऑन गिगाबिटइथरनेट०/१ (१), विथ ऑफिस-स्विच गिगाबिटइथरनेट०/२ (९९)

काटा चालू आहे, पावत्या निघताहेत, कॅमेरे दिसताहेत. पण ऑफिसातून काटाघराच्या स्विचला लॉगिन होत नाही आणि टोकनचा डिस्प्ले बंद पडलाय. डिस्प्ले बंद म्हणजे गाडीवाले आपला नंबर कधी येणार हे विचारायला खिडकीशी येऊन थांबतात, थंडीत रात्रभर. ते बघवत नाही.

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही. काट्याचा एक पीसी अधूनमधून १९२.१६८.४० चा पत्ता घेतो. त्याला २० चा मिळायला हवा. मग सर्व्हर सापडत नाही आणि काटा थांबतो. पीसी बंद-चालू केला की कधी सुटतं, कधी नाही. हे मात्र ऑडिटच्या आधीपासून आहे.

ठेकेदाराचं म्हणणं, ‘वॉर्निंगच आहे, दुर्लक्ष करा.’ पटत नाही. कुणी सांगेल का?

रात्रपाळी

दादा, ‘नो सीडीपी एनेबल’ टाका त्या पोर्टवर. मेसेज बंद होतील. आमच्याकडे असंच केलंय, काही अडत नाही.

ट्रंकवाली

कृपा करून तसं करू नका. सीडीपी म्हणजे सिस्कोच्या स्विचने शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची पद्धत. ते बंद केलं तर निरोप थांबेल, बिघाड तसाच राहील. आणि निरोप इतका नेमका आहे की तो घालवणं परवडणारं नाही.

मी एका मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळते. तिथेही ‘नुसती वॉर्निंग आहे’ हे वाक्य मी बरंच ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती ओळ नीट वाचू. कंसातला १ म्हणजे तुमच्या टोकाचा नेटिव्ह व्हीलॅन. कंसातला ९९ म्हणजे पलीकडच्या टोकाचा. दोन्ही बाजूंची पोर्टं नावानिशी दिली आहेत. सिस्कोचे स्विच साधारण दर ६० सेकंदांनी शेजाऱ्याला सीडीपीचं पाकीट पाठवतात, त्यात ‘माझा नेटिव्ह व्हीलॅन अमुक’ असं लिहिलेलं असतं. समोरचा ते आपल्याशी ताडून बघतो, जुळलं नाही की बोंब मारतो. म्हणून दर मिनिटाला. ठेकेदाराच्या माणसाने ऑफिसच्या टोकाला ९९ केलं आणि काटाघराचं टोक १ वर तसंच राहिलं, हे त्या एका ओळीत स्पष्ट दिसतंय.

आता काटा चालू आणि डिस्प्ले बंद, असं का? ट्रंकवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) व्हीलॅनची चिठ्ठी, म्हणजे टॅग लागतो. ८०२.१क्यू या टॅगच्या मानकात तो ४ बाइटांचा असतो. अपवाद एकच, नेटिव्ह व्हीलॅन. त्याच्या फ्रेम बिनटॅगच्या जातात, आणि घेणारा स्विच आपल्याकडचा नेटिव्ह कोणता आहे ते बघून त्यांना त्या व्हीलॅनमध्ये टाकतो. तुमच्याकडे काटाघरातून बिनटॅग निघालेली १ ची फ्रेम ऑफिसात ९९ मध्ये उतरली असती. २० आणि ४० टॅग लावूनच जातात, त्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नाही. म्हणून काटा चालतोय, कॅमेरे दिसताहेत.

‘असती’ म्हटलं, कारण पुढचा पहारेकरी स्पॅनिंग ट्री आहे, म्हणजे स्विचच्या जाळ्यात फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून पोर्टं रोखणारी यंत्रणा. सिस्कोचं पीव्हीएसटी+, म्हणजे दर व्हीलॅनला वेगळं चालणारं स्पॅनिंग ट्री, आपल्या बीपीडीयूमध्ये (स्विचनी एकमेकांना पाठवायच्या निरोपात) व्हीलॅनचा नंबर घालून पाठवतं. ९९ मध्ये आलेल्या बीपीडीयूवर १ लिहिलेलं दिसलं की स्विच ते दोन्ही व्हीलॅन त्या पोर्टवर रोखून धरतो. बाकीचे सोडतो. तुमचं मॅनेजमेंट आणि डिस्प्ले दोन्ही १ मध्ये आहेत, म्हणून नेमके तेच दोन गेले.

ऑफिसच्या स्विचवर हे चालवा आणि काय येतं ते इथे टाका:

शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स
शो इंटरफेसेस ट्रंक

काटाघरात प्रत्यक्ष जाऊन कन्सोल केबल लावून तिथेही हेच करा. कधी कधी रोखलेलं पोर्ट एकाच टोकाला दिसतं, म्हणून दोन्हीकडे बघायचं.

आणि ४० चा पत्ता घेणाऱ्या पीसीबद्दल: लॉगमध्ये या पोर्टखेरीज दुसऱ्या कुठल्या पोर्टचं नाव येतंय का, ते जरूर बघा. मला शंका आहे.

काटाघर_सांगली

ताई, मनापासून आभार. इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं.

ऑफिसच्या स्विचवर इनकन्सिस्टंटपोर्ट्समध्ये दोन ओळी आल्या. व्हीलॅन १ आणि व्हीलॅन ९९, दोन्हींसमोर गिगाबिट ०/२, आणि पुढे ‘पोर्ट व्हीलॅन आयडी मिसमॅच’. तुम्ही म्हणालात तस्संच.

काटाघराच्या स्विचवर शो व्हीलॅन केलं तर ९९ नावाचा व्हीलॅनच नाही. ट्रंकवर अलाउड यादी: १, २०, ४०.

आणि तुमची शंका खरी ठरली. जुना लॉग वर सरकवून बघितला. काटाघराच्या स्विचवर अधूनमधून हे येतंय:

नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच डिस्कव्हर्ड ऑन फास्टइथरनेट०/७ (४०), विथ यार्ड-स्विच फास्टइथरनेट०/३ (२०)

पण ०/७ आणि ०/३ ही ट्रंक नाहीतच! दोन्ही अ‍ॅक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनची, यंत्रं लावायची) आहेत. ०/७ वर टोकन खोलीतले कॅमेरे आहेत. आणि काटाघर-यार्ड यांच्यात फायबर सोडून दुसरी वायर नाही, निदान आमच्या नकाशावर तरी नाही.

ट्रंकवाली

नकाशावर नसेल, पण वायर आहे. सीडीपी कधी गप्पा रचून सांगत नाही. यार्ड-स्विचच्या ०/३ मधून निघालेलं पाकीट काटाघराच्या ०/७ मध्ये आलं, तरच ही ओळ छापली जाते.

आणि हे दुसरं प्रकरण पहिल्यापेक्षा गंभीर आहे. का ते सांगते.

अ‍ॅक्सेस पोर्टलाही सीडीपी ‘नेटिव्ह व्हीलॅन’च म्हणतं, तिथे त्याचा अर्थ ते पोर्ट ज्या व्हीलॅनमध्ये आहे तो. म्हणजे ४० चं पोर्ट आणि २० चं पोर्ट कुठेतरी एकमेकांना जोडलेलं आहे. ट्रंकवर असं झालं तर स्पॅनिंग ट्री रोखतं, ते आपण पाहिलं. अ‍ॅक्सेस पोर्टवर मात्र स्विच साधा बीपीडीयू पाठवतो, त्यात व्हीलॅनची ती ताडून बघायची खूण नसते. समोरच्याला फरक कळायला मार्गच नाही. तो रोखत नाही. २० आणि ४० तिथे निमूटपणे एक होतात, आणि सांगायला फक्त सीडीपीची ती एक ओळ उरते. सुरुवातीलाच ‘नो सीडीपी एनेबल’ सगळीकडे टाकलं असतं तर ही ओळही दिसली नसती. रात्रपाळी, तुमच्यावर राग नाही. पण म्हणूनच मी इतकी हट्टाने नाही म्हणाले.

तुमचा पीसी ४० चा पत्ता का घेतो याचं उत्तरही यातच आहे. पीसी चालू झाला की ‘मला पत्ता द्या’ असं सगळ्या व्हीलॅनभर ओरडतो. व्हीलॅन मिसळले असतील तर ते ओरडणं २० च्या डीएचसीपीलाही (पत्ते वाटणाऱ्या सेवेलाही) ऐकू जातं आणि ४० च्याही. ज्याचं उत्तर आधी पोचेल तो पत्ता पीसी घेतो. कधी हा जिंकतो, कधी तो. बंद-चालू केल्यावर ‘कधी सुटतं, कधी नाही’ ते यामुळे. आणि ४० मधून काट्याच्या सर्व्हरला जायची परवानगी नसणार, म्हणून काटा थांबतो.

आता टोकन खोलीत जा. माझा अंदाज: कॅमेरे बसवणाऱ्याने तिथे एक छोटा साधा ५ किंवा ८ पोर्टांचा स्विच टांगला असेल. कदाचित छतालगत किंवा डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) पेटीत. त्यात काटाघराकडून एक वायर आली असेल आणि यार्डाकडून दुसरी. अशा साध्या स्विचला सीडीपी कळत नाही, तो ते पाकीट सरळ सगळ्या पोर्टांवर पुढे ढकलतो. म्हणून शेजारी म्हणून तो स्वतः दिसत नाही, त्याच्या पलीकडचा स्विच दिसतो. हे लक्षात ठेवा, ‘शो सीडीपी नेबर्स’ मध्ये दिसणारा शेजारी तारेने थेट जोडलेला असेलच असं नाही.

शोधायचं सोपं: काटाघराच्या ०/७ वर ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल इंटरफेस’ चालवा. टोकन खोलीत जितके कॅमेरे आहेत त्याहून कितीतरी जास्त मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) दिसतील, त्यात यार्डातल्या पीसीचेही.

आता पहिल्या बिघाडाची दुरुस्ती. इथे घाई नको.

ऑफिसचं टोक परत १ करून टाकायचा मोह होईल. ते नका करू. ऑडिटवाल्यांचा शेरा बरोबर आहे. नेटिव्ह व्हीलॅनमध्येच बसलेला माणूस फ्रेमला दोन टॅग लावून पाठवू शकतो. पहिला स्विच बाहेरचा टॅग काढतो आणि आतल्या टॅगसकट फ्रेम बिनटॅगची समजून ट्रंकवर सोडतो, ती थेट दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये जाऊन पडते. उत्तर परत येत नाही, पण त्रास द्यायला एकतर्फी रस्ताही पुरतो. म्हणून ज्यात एकही यंत्र नाही असा रिकामा व्हीलॅन नेटिव्ह ठेवायचा. ९९ त्यासाठीच आहे. काम अर्धं झालंय, ते पुरं करायचं.

काटाघराच्या स्विचवर, कन्सोलवरून:

आधी व्हीलॅन ९९ तयार करा, नाव द्या, समजा ‘रिकामा’. हे विसरून नुसतं नेटिव्ह ९९ लिहिलं तर स्विच तक्रार न करता घेतो, पण ‘शो इंटरफेसेस स्विचपोर्ट’ मध्ये ९९ पुढे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसतं.

मग गिगाबिट ०/१ वर ‘स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९’.

अलाउड यादीत ९९ वाढवायचा असेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ९९’ असं लिहा. ‘अ‍ॅड’ हा शब्द जीव मुठीत धरून लिहायचा. तो गेला तर स्विच जुनी यादी पुसतो आणि तिथे फक्त ९९ ठेवतो. म्हणजे २० गेला, काटा बंद, रांग गव्हाणीपासून रस्त्यापर्यंत.

गिगाबिट ०/२ म्हणजे यार्डाकडच्या फायबरला आत्ता हात लावू नका. नेटिव्ह व्हीलॅन हा एकेका जोडणीपुरता असतो. त्या जोडणीची दोन टोकं आपसात जुळली की झालं. तिथे दोन्हीकडे १ आहे, ते जुळतंय. यार्डाचं नंतर सवडीने करा, तेव्हा आधी लांबचं टोक, मग जवळचं. उलट केलंत तर लांबच्या स्विचला जायचा रस्ताच बंद होतो, आत्ता ऑफिसातून झालंय तसा.

कन्सोलशिवाय, लांबून करायची वेळ आलीच तर आधी ‘रीलोड इन १०’ द्या आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करू नका. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो. सगळं जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग सेव्ह. पण हंगामात काटाघराचा स्विच रीलोड होणं म्हणजे काही मिनिटं काटा ठप्प. तुमच्यापासून काटाघर चालत जायच्या अंतरावर आहे, लॅपटॉप घेऊन जाच.

बदलानंतर लगेच घाबरू नका. स्पॅनिंग ट्रीला लिसनिंगचे १५ आणि लर्निंगचे १५ सेकंद लागतात, त्याआधी जुना बिघाड विसरायलाही थोडा वेळ. एखादं मिनिट द्या.

पुणे_रॅक

ट्रंकवालींनी सगळं सांगितलंच आहे. एक भर घालतो, कारण हा धागा पुढे दुसरं कुणी वाचेल.

काटाघर यांच्याकडे तिन्ही स्विच सिस्कोचे आहेत, म्हणून बोंब तरी ऐकू आली. एका टोकाला सिस्को आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोटिक किंवा अरुबा अशा दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर बहुतेक वेळा काहीच छापून येत नाही. पीव्हीएसटी+ ची ती व्हीलॅनची खूण सिस्कोची स्वतःची आहे. मायक्रोटिकवर ‘पीव्हीआयडी’, अरुबाच्या जुन्या स्विचवर ‘अनटॅग्ड’ असं लिहिलेलं असतं. सिस्कोचा नेटिव्ह तोच तो. नावं वेगळी असल्यामुळे दोघं इंजिनिअर आपापल्या टोकाला बरोबर असतात आणि जोडणी चुकलेली असते.

अशा ठिकाणी एलएलडीपी चालू करा. ते सीडीपीसारखंच, पण ८०२.१एबी या मानकाचं असल्यामुळे सगळ्या कंपन्यांना कळतं, आणि त्यात पोर्टचा व्हीलॅन आयडी पाठवायची सोय आहे. ‘शो एलएलडीपी नेबर्स डिटेल’ मध्ये समोरचा तो पाठवत असेल तर दिसतो. मात्र स्विच स्वतःहून ओरडेलच असं नाही, आपण बघायला जावं लागतं.

काटाघर_सांगली

पहाटे पाळी बदलताना गाड्या जरा कमी असतात, तेव्हा केलं.

काटाघरात व्हीलॅन ९९ तयार केला, गिगाबिट ०/१ वर नेटिव्ह ९९ दिला. ‘अ‍ॅड’ लिहिलाय की नाही हे एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचलं. काट्याची एकही पावती अडली नाही. थोड्या वेळाने ऑफिसच्या लॉगमध्ये ‘अनब्लॉक_कन्सिस्ट_पोर्ट’ अशी ओळ आली, एकदा १ साठी, एकदा ९९ साठी. ऑफिसात बसलेल्या सहकाऱ्याला फोन केला, तो म्हणाला लॉगिन होतंय. बाहेर डिस्प्लेवर नंबर आले. इनकन्सिस्टंटपोर्ट्स आता रिकामं आहे.

मग टोकन खोली. ताई, छतालगतच. डीव्हीआरच्या पेटीवर ८ पोर्टांचा छोटा स्विच, उसाच्या धुळीने काळा पडलेला. एक वायर काटाघराकडून, तीन कॅमेऱ्यांच्या, आणि एक पांढरी वायर भिंतीतून यार्डाकडे गेलेली. यार्डाच्या बाजूच्या टोकावर कुणीतरी पेनाने ‘वायफाय’ लिहिलंय. गेल्या हंगामात शेती विभागाच्या स्लिप बॉयना टोकन खोलीत पीसी हवा होता, तेव्हा ती ओढली होती म्हणे. पीसी नंतर उचलून नेला, वायर राहिली.

०/७ वर मॅक पत्ते बघितले होते, कॅमेरे तीन आणि पत्ते तीसच्या वर. पांढरी वायर काढली, तीन कॅमेऱ्यांचे आणि डीव्हीआरचा एवढेच उरले. सीडीपीची दुसरी ओळही थांबली.

एक विचारायचं राहिलं. असं कुणी पुन्हा जोडलं तर आपोआप पकडता येईल का?

ट्रंकवाली

फार बरं वाटलं वाचून. डिस्प्ले लागला हे जास्त महत्त्वाचं.

हो, बऱ्याच अंशी पकडता येतं. जिथे फक्त पीसी, कॅमेरे, प्रिंटर लागणार अशा सगळ्या अ‍ॅक्सेस पोर्टांवर ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट’ आणि ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल’ द्या. त्या पोर्टवर दुसऱ्या स्विचचा बीपीडीयू आला की पोर्ट ताबडतोब बंद होतं, ‘एर-डिसेबल्ड’ दिसतं. मधला साधा स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देईल याची मात्र खात्री नसते. काही देतात, काही गिळतात. म्हणून त्याच्या जोडीला ‘पोर्ट-सिक्युरिटी’ लावा आणि टोकन खोलीच्या पोर्टवर जास्तीत जास्त मॅक पत्ते चार ठेवा, तीन कॅमेरे आणि डीव्हीआर. व्हायोलेशनला ‘रिस्ट्रिक्ट’ द्या, ‘शटडाउन’ नको. नाहीतर कॅमेरा बदलायला आलेल्या माणसाने नवा कॅमेरा लावला की सगळे कॅमेरे अंधारात जातील आणि तुम्हाला रात्री उठवतील. रिस्ट्रिक्टमध्ये जास्तीचा पत्ता अडतो, लॉगमध्ये नोंद होते, बाकीचे चालू राहतात.

वापरात नसलेली पोर्टं ‘शटडाउन’ करून ठेवा. यार्डाच्या ०/३ पासून सुरुवात करा, आजच.

आणि व्हीलॅन १ मधून मॅनेजमेंट आणि डिस्प्ले कधीतरी बाहेर काढा, त्यांना स्वतःचा व्हीलॅन द्या. ते गाळप संपल्यावर. आत्ता नको.

काटाघर_सांगली

०/३ बंद केलं. पोर्ट-सिक्युरिटी आज रात्री पाळी बदलताना लावतो. ती पांढरी वायर दोन्ही टोकांनी काढून गुंडाळून ठेवली आहे, आणि नकाशावर टोकन खोलीचा छोटा स्विच काढला. यार्डाच्या फायबरचं नेटिव्ह करायला घेईन तेव्हा याच धाग्यावर येतो.